गालातला बेहडा

"तोंड उघडा," मी दुसऱ्यांदा म्हटलं. पारूबाईंनी ओठ आणखी घट्ट मिटले.

ट्रॉली थिएटरच्या दारात उभी होती. आत टेबल तयार होतं आणि मोठ्या बाई बेसिनपाशी हात घासत होत्या. आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं हॉस्पिटल मोठ्या बाई म्हणायचं. ऑपरेशनच्या आधी हात घासणं म्हणजे नुसतं धुणं नव्हे. ब्रश आणि साबण घेऊन, कोपरापर्यंत, घड्याळ बघून. त्यांचे हात घासून होईपर्यंत माझी तयारी झालीच पाहिजे असा नियम होता. ईथरची बाटली, जाळीचा मास्क, डोळ्यांना लावायचं व्हॅसलीन, जीभ मागे गेली तर ओढायचा चिमटा, सगळं ट्रेमध्ये मांडून झालं होतं. शेजारच्या खोलीतला स्टोव्ह बंद करायला लावला होता, कारण ईथर उघडलं की जवळपास जाळ चालत नाही. एकच गोष्ट राहिली होती. पेशंटच्या तोंडात काही आहे का ते बघणं.

"नुसते दात दाखवा. कवळी असली तर काढून ठेवावी लागते."

"कवळी न्हाई," पारूबाई ओठ न उघडता म्हणाल्या. आवाज एका बाजूनंच आला.

मी त्यांच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. आत काहीतरी टणक होतं, सुपारीएवढं.

"हे काय आहे?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. अशी आली की ट्रॉलीची चाकं हलली. त्या एका कुशीवर वळल्या, दोन्ही हातांनी ओटीपोट खालून दाबून धरलं आणि खोकत राहिल्या. माझ्या हातातल्या गॉजवर बेहड्याचा तुकडा पडला. चघळून चघळून गुळगुळीत झालेला.

बेहडा सगळ्यांना माहीत असतो. खोकला आला की गालात धरायचा, रस गिळत राहायचा, ढास थांबते. त्यात वाईट काही नाही. पण बेहडा गालात धरून कोणी ईथरच्या मास्कखाली झोपत नाही.

हे का, ते सांगण्याआधी मी तिथे काय करत होते ते सांगायला हवं, कारण मी डॉक्टर नव्हते आणि पास झालेली नर्सही नव्हते. मी कुडाळकडची. मराठी पाचवी झाली आणि वडील गेले, तिथे शाळा संपली. माझी मावशी दौंडच्या या लहानशा मिशन हॉस्पिटलात स्वयंपाकाला होती, तिच्या मागोमाग मीही आले. आधी फरशी पुसली, मग पट्ट्या धुतल्या, मग थिएटरमधली भांडी उकळली. एक दिवस ईथर देणारी नर्स लग्न होऊन गेली आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "लीला, तुझे हात कापत नाहीत. तू शिक." दोन वर्षं त्यांनी मला शेजारी उभं करून शिकवलं. ही गोष्ट घडली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. संयुक्त महाराष्ट्र व्हायला अजून एक-दोन वर्षं होती. तोवर शे-दीडशे केसेसना मी भूल दिली होती, आणि प्रत्येक केसच्या आधी मला वाटायचं की आज आपली घरी रवानगी होणार.

ईथर म्हणजे गोडसर उग्र वासाचं औषध, पाण्यासारखं पातळ. मास्क म्हणजे तारेची जाळी, तिच्यावर गॉजच्या घड्या. तो नाकातोंडावर धरायचा आणि वरून थेंब थेंब ईथर सोडायचं. पेशंट आधी मान फिरवतो, हात झाडतो, काहीबाही बडबडतो, मग शांत होतो. त्यानंतर माझं एक बोट कानापुढच्या नाडीवर आणि नजर ओठांच्या रंगावर. ऑपरेशन चालू असेपर्यंत ती नजर हलवायची नाही. पण ईथर छातीला झोंबतं. धडधाकट माणसालासुद्धा त्यानं कफ सुटतो. आधीच खोकला असेल तर बेशुद्धीत कफ साठतो आणि तो बाहेर टाकायला माणूस जागा नसतो. आणि तोंडात सुपारीएवढा तुकडा असेल तर तो श्वासनळीत जायला एक श्वास पुरतो.

मी गॉजवरच्या तुकड्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसरीच गोष्ट होती. आदल्या दिवशीचा कागद.

आदल्या दिवशी पारूबाई मांडवगण फराट्याच्या बाजूनं, होडीनं नदी ओलांडून, पुढे बैलगाडीनं आल्या होत्या. बरोबर नवरा होता. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत. सोसायटीच्या कमिटीवर असलेले, टोपी एकदम पांढरी, बोलणं थोडक्यात. मोठ्या बाईंनी पंधरा दिवसांपूर्वी पारूबाईंना तपासून ऑपरेशन ठरवलं होतं, तेव्हा छाती स्वच्छ होती. भरती करताना परत तपासायचं असतं. पण त्या दिवशी एक अडलेली बाळंतीण आली आणि बाई तिच्यात अडकल्या. "लीला, प्रश्न विचारून घे. कागदावर लिही," एवढं सांगून गेल्या.

प्रश्न ठरलेले होते. ताप आहे का? खोकला आहे का? दमा? आधी कधी भूल दिली होती का? मी विचारले. पारूबाई डोक्यावरचा पदर सारखा करून जमिनीकडे बघत राहिल्या. आप्पा उत्तरं देत गेले.

"ताप न्हाई. खोकलाबिकला काय न्हाई. दमा तर आमच्या घराण्यातच न्हाई."

मी लिहिलं. खोकला: नाही. खाली सही केली. सहीची मला फार हौस होती तेव्हा.

आता ट्रॉलीवर पारूबाईंनी माझं मनगट धरलं. खोकून डोळ्यांत पाणी आलेलं.

"सांगू नगंस बाय. पाया पडते."

"आईसाहेब, असं कसं? खोकला कधीपासून आहे?"

"आठ दिस झालं. बाजरीचं खळं व्हतं. त्या भुसकाटानं झालं. जाईल आपोआप."

"काल का नाही बोललात?"

"मला कुनी विचारलं?"

त्या हे रागानं म्हणाल्या नाहीत. त्या पुढे बोलत राहिल्या, हळू, दाराकडे बघत. "दुसरीकडं गेले व्हते मागं एकदा. त्यो डाक्टर म्हनला, खोकला बरा करून या. बरा झाला तवा पेरणी आली. पेरणी सरली तवा लेकीचं बाळंतपण. मंग कुनी आनलंच न्हाई. अकरा वर्सं झाली बाय. आज परत धाडलं तर पुन्हा हितं येत न्हाई मी."

अकरा वर्षं काय, ते साध्या शब्दांत सांगते. बाळंतपणं जास्त झाली, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलली, की गर्भपिशवी जागा सोडून खाली उतरते. बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. पारूबाईंची सहा बाळंतपणं झालेली. त्या चिंध्यांचा बोळा बांधून शेतात जायच्या. लघवी आवरत नसे, म्हणून कोणाच्या पंगतीत बसत नव्हत्या. सख्ख्या भाच्याच्या लग्नात मांडवाबाहेर उभ्या राहून अक्षता टाकल्या होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या सकाळी एवढंच कळत होतं की मी खरं सांगितलं तर ही बाई परत जाईल आणि गप्प बसले तर टेबलावर काहीही होईल. आणि दोन्हींमध्ये माझ्या सहीचा कागद होता.

मी ट्रॉलीची कड सोडली आणि बेसिनपाशी गेले.

"बाई, पेशंटला खोकला आहे."

ब्रश चालूच होता. "किती?"

"बराच. कफ आहे. गालात बेहडा धरून दाबून ठेवला होता."

ब्रश थांबला. "कागदावर तर नाही लिहिलंय."

"मी लिहिलं ते."

"उत्तर कोणी दिलं?"

"त्यांच्या यजमानांनी."

"खोकला यजमानांना आहे का?"

बाईंनी नळ बंद केला, हात पुसले. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या ते एवढंच, "ईथरला बूच लाव. आज ते लागणार नाही. आणि पेशंटला परत खाटेवर ने. स्टेथोस्कोप आण."

त्यांनी पारूबाईंची छाती पुढून, मागून, बगलेत ऐकली. थुंकी भांड्यात घेऊन बघितली, वजन कमी झालंय का विचारलं, घरात कोणाला क्षय आहे का विचारलं. यावेळी पारूबाईंनी स्वतः उत्तरं दिली. मग बाई स्टूल ओढून खाटेशी बसल्या. ऑपरेशनच्या कपड्यांतच. मला म्हणाल्या, "आप्पांनाही बोलाव. ऐकू दे."

आप्पा आले, दाराशी उभे राहिले.

"धुळीचा खोकला आहे," बाई म्हणाल्या. "क्षय वाटत नाही. आठ दिवसांत आटोक्यात येईल. आज ऑपरेशन करत नाही."

पारूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

"इकडे बघा. रद्द केलं नाही, पुढे ढकललंय. टाके घातल्यावर तुम्ही आत्तासारख्या खोकलात तर एकेक टाका उसवेल. मग माझी मेहनत फुकट आणि तुमचं दुखणं फुकट. आता दुसरी गोष्ट. भूल कुठली द्यायची ते आपण ठरवू. तीन प्रकार आहेत."

"झोपवूनच करा," आप्पा दारातून म्हणाले. "कालच बोलणं झालंय."

"काल खोकला नव्हता, आप्पा," बाई म्हणाल्या आणि पारूबाईंकडेच बघत पुढे बोलू लागल्या. "पहिला प्रकार ईथर. नाकावर जाळी धरून पूर्ण झोपवायचं. ही लीला देते, चांगली देते. पण ईथर छातीला लागतं. तुमचा खोकला बरा झाला तरी छाती महिनाभर नाजूक राहणार. ईथरनं ती परत खवळेल, आणि खोकला येईल नेमका टाके ओले असताना. दुसरा प्रकार, जागेवरच सुया देऊन तेवढा भाग बधिर करायचा. दात काढताना देतात तसं. छातीला काही त्रास नाही. पण तुमचं काम मोठं आहे, दीड-दोन तासांचं. तेवढ्यानं पुरेलच असं मला वाटत नाही. तिसरा प्रकार म्हणजे पाठीत एक सुई. स्पायनल म्हणतात. कमरेखालचं अंग तीन-चार तास झोपतं. तुम्ही जाग्या असता. श्वास तुमचा तुम्ही घेता, छातीत काही जात नाही."

"पाठीत सुई नको," आप्पा लगेच म्हणाले. "आमच्या भावकीतल्या एकाला दिली पाठीत सुई. त्याचे पाय गेले. अजून बसूनच हाय त्यो."

"कशासाठी दिली होती?"

"हिरीत पडला व्हता."

"पडल्यावर चालत आला होता हॉस्पिटलात?"

"न्हाई. बाजेवर घालून नेला चौघांनी."

"म्हणजे पाय आधी गेले. सुई मागून आली."

आप्पांनी टोपी काढून परत घातली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी फसकन हसली आणि पांघरुणात तोंड घालून पडली.

पारूबाई आता वळल्या होत्या. "पन बाई, पाठीत तर मणका असतो. त्यातली शीर तुटली म्हंजी?"

"चांगला प्रश्न आहे. करगोट्याचा गोंडा बघितलाय ना? वर पिळदार दोरा असतो आणि खाली सुटे धागे. पाठीत तसंच असतं. मी सुई देते ती खाली, जिथे दोरा संपलेला असतो आणि पाण्यात नुसते सुटे धागे तरंगत असतात. सुई आली की ते बाजूला सरतात."

"मंग धोका न्हाईच म्हना की."

"असं मी म्हणणार नाही. ब्लडप्रेशर खाली येऊ शकतं. म्हणजे चक्कर येईल, मळमळेल. त्यावर इंजेक्शन आहे, ते हाताशी ठेवते. नंतर डोकं दुखू शकतं, म्हणून एक दिवस उशीशिवाय सपाट पडून राहायचं. पायाला कायमचं काही होणं फार क्वचित. ईथरमध्येही धोका आहे. तुमच्या छातीचं बघता ईथरचा धोका मला मोठा वाटतो. माझं मत सुईचं आहे. पण पाठ तुमची आहे. तुम्ही सांगा."

पारूबाईंनी थोडा विचार केला. एका हातानं बांगड्या मागेपुढे करत होत्या.

"कापताना कळंल?"

"ओढल्यासारखं वाटेल. दुखणार नाही. दुखलं तर सांगायचं, मी थांबेन."

"दिसंल?"

"मध्ये पडदा असतो."

"मी बोलले तर चालंल?"

"चालेल. मला उत्तर द्यायला वेळ नसेल. लीला देईल."

"मंग सुईच द्या," पारूबाई म्हणाल्या. "मी झोपले आन् तुम्ही काय केलं ते मला कळायचं न्हाई. जागी असले म्हंजी बरं."

आप्पा खाकरले. "आन् आठ दिस हितं कोन थांबनार? बाजरी निम्मी खळ्यावर पडलीया. घरी चला. खोकला बसला की आनतो परत."

हेच ते. मी पारूबाईंकडे बघितलं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला नाही, होता तसाच राहू दिला.

"मी येत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी येत न्हाई. परत आनतो असं तुमी मागंबी म्हनला व्हता. बाजरी काढाया माझी जाऊ हाय, दोन सुना हायेत. तुमीबी हायसा."

"एकटी ऱ्हानार हितं?"

"एकटी कशी? ही बाय हाय की. ती तर समुद्राकडनं आलीया. तिला काय झालं?"

मला काय काय झालं होतं ते सांगायची ती वेळ नव्हती. मी फक्त म्हटलं, "मी आहे, आप्पा. रोज दोनदा वाफ देईन."

आप्पांना राग आला होता की लाज वाटत होती, मला ठरवता येईना. शेवटी मोठ्या बाईंना म्हणाले, "खायला कवा द्यायचं? सकाळधरनं उपाशी ठेवलीय." त्यांनी दारामागून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणून खाटेवर ठेवल्या आणि होडी सुटायच्या आत नदीवर पोचायला म्हणून निघून गेले.

दुपारी बाईंनी मला बोलावलं. मी पत्र्याची पेटी मनातल्या मनात भरूनच गेले होते. मावशीला काय सांगायचं तेही ठरवलं होतं.

"बेहडा कसा सापडला?" त्यांनी विचारलं.

"तोंड बघताना."

"तोंड बघायचं कोणी सांगितलं होतं?"

"तुम्ही. पहिल्याच आठवड्यात."

"मग ते तू रोज केलंस. ठीक. प्रश्न मात्र चुकीच्या माणसाला विचारलेस. तो कागद आण आणि बरोबर करून लिही. खोडू नको. खाली नवीन ओळ लिही, आजची तारीख घाल." एवढंच. मग टेबलावरचं ब्लडप्रेशरचं मशीन माझ्यापुढे सरकवलं. "ईथरमध्ये तुला ओठांचा रंग बघून चालतं. स्पायनलमध्ये नाही चालणार. मी तिकडे काम करत असेन. प्रेशर तुलाच सांगावं लागेल. आठ दिवस आहेत. हॉस्पिटलातल्या प्रत्येक दंडाचं घे."

खरं सांगायचं तर मला थोडं वाईटही वाटलं होतं. ईथर ही माझी एकच विद्या. सुई दिली की माझं काम नाडी धरून बसण्याचं. आता कळलं की नाडी धरून बसणं हेच मोठं काम होतं. मी स्वयंपाकघरात मावशीचं प्रेशर घेतलं, माळ्याचं घेतलं, पोस्टमनचंही घेतलं. पोस्टमन म्हणाला, "सिस्टर, मला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, मला शिकायचंय." त्यानंतर तो आमची पत्रं खिडकीतूनच देऊ लागला.

पारूबाईंचे आठ दिवस बरे गेले. सकाळ-संध्याकाळ पातेल्यात उकळतं पाणी, त्यात निलगिरीचे थेंब, डोक्यावरून चादर. दिवसातून तीनदा खोकल्याचं औषध. बेहडा बंद केला नाही, फक्त मला विचारून धरायचा असं ठरलं. चुलीचा धूर नव्हता, खळ्याची धूळ नव्हती. चौथ्या दिवशी ढास कमी झाली. मी त्यांना खाटेवर बसवून पाठ गोल करायला शिकवलं, कारण सुई देताना मणके उघडावे लागतात. हनुवटी छातीला, पाठ मांजरासारखी.

"खुरपणीच्या येळेला अशीच असते की मी दिसभर," त्या म्हणाल्या. "यात शिकवायचं काय?"

आप्पा बाजाराच्या दिवशी आले. बरोबर गूळ, शेंगा आणि धाकटी सून. खोकला किती हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." त्यांनी विचारलं. बहुधा असं काही ते पहिल्यांदाच विचारत असावेत, कारण पारूबाई उत्तर द्यायच्या आधी दोनदा त्यांच्याकडे बघून खात्री करून घेत होत्या.

नवव्या दिवशी सकाळी बाईंनी परत छाती ऐकली आणि मान हलवली. ट्रॉली निघाली. मी तोंड बघितलं. रिकामं.

टेबलावर पारूबाईंना बसवलं. मी समोर उभी राहून त्यांचे खांदे धरले, त्यांचं कपाळ माझ्या खांद्यावर. बाईंनी पाठ स्पिरिटनं पुसली, बोटानं मणके मोजले. सुई गेली तेव्हा पारूबाईंनी माझा हात दाबला, पण पाठ जागची हलली नाही. सुईच्या टोकातून स्वच्छ पाण्याचा थेंब आला. तो आला म्हणजे जागा बरोबर. बाईंनी औषध हळूहळू सोडलं आणि त्यांना निजवलं. थोड्या वेळानं पायांना टाचणी लावून बघितली.

"काय लागतंय?"

"कुठं?" पारूबाई म्हणाल्या. "माझे पाय कुठं नेले?"

"आहेत तिथंच आहेत," मी म्हटलं.

बाई हातमोजे बदलायला गेल्या. मी पट्टा दंडाला बांधला आणि दर तीन मिनिटांनी आकडा मोठ्यानं सांगू लागले. एकशे तीस. एकशे वीस. एकशे दहा. ऑपरेशन सुरू झालं. पडद्याच्या अलीकडे पारूबाई धाकट्या सुनेबद्दल सांगत होत्या, ती भाकरी कशी जाड थापते ते. बोलता बोलता थांबल्या.

"बाय, मळमळतंय गं."

ओठ पांढरे दिसले. नाडी मंद झाली. मी पट्टा फुगवला. एकदा ऐकलं, खात्रीसाठी परत ऐकलं. वर्षभरापूर्वीची मी असते तर तिसऱ्यांदा ऐकलं असतं.

"बाई, वरचं ऐंशी. नाडी पन्नास."

"इंजेक्शन. डावीकडचं. दे."

ते मी आधीच भरून ठेवलेलं होतं. दिलं. टेबलाची डोक्याकडची बाजू बाईंनी सांगितली तेवढी खाली केली. बाईंनी काम थांबवलं, हात तसेच धरून उभ्या राहिल्या. पडद्यापलीकडून फक्त त्यांची टोपी दिसत होती. मी पारूबाईंशी बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. समुद्राबद्दल असेल, कारण त्यांनी विचारलं, "पानी खारट असतं म्हनं, मंग गुरं काय पित्यात?"

"विहिरीचं पितात," मी म्हटलं आणि पट्टा फुगवला. "बाई, शंभर. नाडी सत्तर."

"हं," बाई म्हणाल्या. टोपी परत खाली वाकली.

दीड तासानं शेवटचा टाका पडला. पारूबाई मध्ये दोनदा खाकरल्या, खोकला नाही आला. त्या रात्रभर आणि दुसरा दिवसभर उशीशिवाय सपाट पडून राहिल्या. डोकं दुखलं, पण सोसण्यासारखं. संध्याकाळी उजव्या पायाचा अंगठा हलवून त्यांनी सुनेला दाखवला. मग डावा. भावकीतल्या त्या माणसाचं नाव निघालं नाही, पण सून दोन्ही अंगठे बराच वेळ बघत बसली. टाके धरले. ऑपरेशननंतर चौदाव्या दिवशी पारूबाई स्वतःच्या पायांनी पायऱ्या उतरून गाडीत बसल्या. नीट मांडी घालून बसल्या. अकरा वर्षांनंतर.

मी पुढे एकतीस वर्षं ते काम केलं. ईथर गेलं, मशीनं आली, भूल द्यायला पुण्याहून शिकलेले डॉक्टर येऊ लागले आणि मी त्यांच्या हाताखाली राहिले. पाचवी शिकलेल्या मुलीच्या हातात बाईंनी कोणाचा तरी श्वास दिला होता. ते ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण त्यांना असलं बोललेलं आवडत नसे.

नवीन मुली यायच्या तेव्हा मी त्यांना एकच सांगायची. प्रश्न विचारायच्या आधी नातेवाइकांना बाहेर पाठवा. काहीतरी काम सांगा. काम नसेल तर चहाला पाठवा. स्टेशनवर जाऊन चहा पिऊन यायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बाई सगळं सांगून मोकळी होते. चुकीचा लिहिलेला कागद निस्तरायला आठ दिवस लागतात.